आठवा तास

सोमवार, १८ ऑगस्ट

पाया पडला! सरावाची मुलाखत, मी मॅनेजर; एक पोरगा आला, खुर्ची सरकवली आणि थेट माझ्या पायाशी वाकला. मी म्हटलं, "अरे बाबा, मॅनेजरच्या पाया नाही पडत." तर म्हणतो, "मंग काय करू मॅडम? मोठे हायेत ना ते!" अख्खी दहावी ब लोळून हसली. मीपण.

काही म्हणा, मजा येते या पोरांना शिकवायला. स्टाफरूममध्ये माझ्या विषयाला 'गप्पांचा तास' म्हणतात. म्हणोत. नमस्कार कसा करायचा, फोनवर कसं बोलायचं, आपलं म्हणणं न भांडता कसं मांडायचं, नोकरीत वेळ कशी पाळायची - हे गणितवाले सर शिकवणार आहेत का? दिवाळीच्या सुट्टीत बुलढाण्याचं ते मोठं दुकान आमची सहा मुलं प्रशिक्षणाला घेणार आहे. तिथला मॅनेजर स्वतः येऊन मुलाखती घेईल. सहा नावं पक्की करायची आहेत. हर्षल तर नक्कीच. वर्गात त्याच्याइतकं धीट कोणी नाही, आणि तोंडाला कुलूप कसं ते माहीत नाही.

चार दहाला सातवा तास संपला आणि हर्षल मागून ओरडला, "मॅडम, बस!" कार्टं! सगळे खिदळले. आठवाही तास माझाच, सरावाचा. 'एकमेकांच्या मुलाखती घ्या' म्हणून सांगितलं आणि निघाले. सवाचारची एसटी मिळाली.

मंगळवार, १९ ऑगस्ट

आज एकदम भारी गृहपाठ दिला. खरा अर्ज! खोट्या विषयावर नाही, गावातल्या खऱ्या अडचणीवर, खऱ्या माणसाला. फळ्यावर तीन पायऱ्या लिहून दिल्या -

आधी ज्याच्याकडून चूक होते त्यालाच लेखी सांगायचं. मग सात दिवस वाट पाहायची. उत्तर नाही आलं तरच वर जायचं, आणि वर जाताना 'संदर्भ' म्हणून आधीच्या पत्राची तारीख टाकायची.

शिवी नाही, रडारड नाही, 'अत्यंत दुःखाने कळवतो' नाही. चार मुद्दे आणि शेवटी 'अपेक्षित कार्यवाही' - नुसती तक्रार नको, उपाय पण सांगा. दिलं की पोच घ्यायची. एक जण विचारतो, "मॅडम, साहेबानं पोच नाई देली तं?" म्हटलं, "तिथून हलायचं नाही. हक्क आहे तुमचा." पोरं अशी ताठ बसली म्हणता!

निघताना शेवटच्या बाकावरची एक मुलगी आडवी आली. अडतीस नंबर. नाव जिभेवर येत नाही. "मॅडम, मुलाखतीत माहा लंबर कधी येईन?" सराव हजेरीप्रमाणे चालला आहे, अजून पंचविसावर आहोत. "येईल गं, या आठवड्यात," म्हटलं आणि पळाले.

गुरुवार, २१ ऑगस्ट

अडतीसच्या अडतीस अर्ज काल जमा झाले. बसमध्येच तपासून टाकले. उद्या पोळ्याची सुट्टी, म्हणून घाई. काल संध्याकाळी निम्मे, आज सकाळी जाताना निम्मे, असे संपवले आणि पहिल्याच तासाला वाटले. राजूर घाटात वाचलं की मला मळमळतं. पण तीन वर्षं झाली, आता नुसता आकार बघितला तरी कळतं. मुद्द्यांना आकडे आहेत ना, खाली सही आहे ना, अक्षर नीट आहे ना - झालं. हातपंप, खांबावरचा दिवा, रेशनच्या दुकानाची वेळ, गुरांचा डॉक्टर. शाब्बास माझी पोरं!

लेकीला आज आशाबाईंकडून वेळेत घेतलं. पाच वर्षांचं लेकरू, पावणेसहा वाजले की शेजारच्या ओट्यावर चपला घालून बसलेलं असतं. ह्यांची नोकरी संभाजीनगरला, शनिवारी येणार. साडेपाचची बस धरली तर मला घरी यायला सात. मग काय करू?

शाळेत सगळेच अपडाऊनवाले. मुख्याध्यापक रामराव सर आणि तिघे सर कारनं बुलढाण्याहून येतात, साडेचारला निघतात. कारमध्ये पाचवी जागा आहे, पण तिथं डबे ठेवतात. तीन वर्षांपूर्वी मला रामराव सरच म्हणाले होते, "मॅडम, तुम्ही सवाचारची धरत जा. लेकरू लहान हाय तुमचं. मस्टरवर सकाळीच दोन्ही सह्या करून टाकत जा, ताप नको." देवमाणूस!

बुधवार, ३ सप्टेंबर

महालक्ष्म्या झाल्या, शाळा सुरू. पुरणानं अजून पोट जड.

हातपंप दुरुस्त झाला! खरंच! दहावीच्या पोरानं दिलेल्या अर्जावर! हर्षलच्या गल्लीतल्या खांबाला दिवा लागला. तो पोचेचा कागद घडी न घालता घेऊन आला, ग्रामपंचायतीचा शिक्का, आवक नंबर, सगळं. "मॅडम, सचिव म्हणे कोणी शिकवलं बे तुले? म्या म्हटलं, आमच्या मॅडमनं." मला भरून आलं. खोटं कशाला लिहू, डोळे पुसले.

ऑक्टोबरअखेर माझ्या कंत्राटाची मुदत संपते. मला शाळेवर नेमणाऱ्या कंपनीच्या माणसाला फोन करून हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "फोटो पाठवा, मुदतवाढीला उपयोग होईल." पाठवले.

मंगळवार, ९ सप्टेंबर

डोकं दुखतं. सराव तिसावर अडकला.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

आजचं सगळं लिहून ठेवते.

तिसऱ्या तासाला शिपायानं लिफाफा आणून दिला. पंचायत समितीचा शिक्षण विभाग. कारणे दाखवा! 'आपण आठवा तास न घेता दररोज शाळा सोडता, तरी हजेरीपटावर जाण्याची वेळ पाच अशी स्वाक्षरी करता, अशी तक्रार प्राप्त झाली आहे. सात दिवसांत खुलासा सादर करावा, अन्यथा मुदतवाढीची शिफारस केली जाणार नाही.'

सोबत तक्रारीतले मुद्दे टाइप करून जोडलेत. अर्जदाराचं नाव गोपनीय. नावाची गरजच काय? चार मुद्दे. आकडे घातलेले. एकही शिवी नाही. जूनपासून आठवा तास किती दिवस झाला नाही - एकेचाळीस, तारखांसकट! शेवटी 'अपेक्षित कार्यवाही'. माझाच साचा! माझ्याच फळ्यावरून उतरवलेला, माझ्याच वर्गातून निघालेला!

वर संदर्भ लिहिलाय - 'दि. २० ऑगस्टचे पत्र'. कसलं पत्र? कोणाला? मला तर कोणी काही दिलं नाही. ऑफिसवाल्यांचा काहीतरी घोळ.

केसानं गळा कापला. दुसरा शब्द नाही. मी यांना बोलायला शिकवलं, उभं राहायला शिकवलं, यांच्या हातपंपासाठी आनंदानं रडले - आणि यांनी माझ्याच तारखा मोजल्या! रोज 'गुड आफ्टरनून मॅडम' म्हणत होते आणि वहीच्या मागच्या पानावर रेघा मारत होते. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी जात.

शनिवार, १३ सप्टेंबर

सकाळची शाळा. रामराव सरांकडे गेले. म्हटलं, सर, तुम्हीच तर म्हणाला होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मी? मॅडम, मले तं यातलं काहीच माहीत नाई."

काहीच माहीत नाई! सकाळी माझी सही होताना मस्टर त्यांच्याच टेबलावर असतं. वर काय, नोटिशीवर त्यांचा अभिप्रायही गेला आहे. क्लार्कनं हळूच दाखवला - 'सदर प्रशिक्षक यांना वेळोवेळी तोंडी समज देण्यात आली होती.' कधी दिली? कुठे? 'लेकरू लहान हाय' ही समज होती का? करून सवरून नामानिराळे. आणि तो अभिप्राय लिहून साहेब साडेचारला कारमध्ये बसले असतील.

मी कंत्राटी ना. ते कायम. चारजण एका कारनं गेले तर ती सोय. मी एकटी एसटीनं गेले तर तो गुन्हा.

हे घरी आले आहेत. सांगितलं. म्हणाले, "पण तू जात होतीस ना?" मी उठून भांडी घासायला घेतली.

सोमवार, १५ सप्टेंबर

आज पाचपर्यंत थांबले. साडेपाचच्या बसमध्ये उभं राहायला जागा नव्हती. घरी सात वाजून दहा. लेक आशाबाईंच्या ओट्यावर तशीच झोपलेली, पायात चपला. आशाबाई म्हणाल्या, "काऊन वं संजू, तोंड काऊन उतरलं असं? कोणी काही म्हटलं काय?" मी पोरीला उचललं.

आठव्या तासाला काही शिकवलं नाही. नुसती एकेकाच्या तोंडाकडे बघत बसले. यांच्यातला कोण?

मंगळवार, १६ सप्टेंबर

हर्षल.

दुसरा कोण असणार? 'मॅडम, बस!' कोण ओरडत होतं? घड्याळ कोणाच्या मनगटावर आहे? पोच कशी घ्यायची हे सगळ्यात आधी कोण शिकलं? रामराव सरांनीही आज आपण होऊन बोलावलं. आवाज एकदम मऊ. "मॅडम, त्या हर्षलचा बाप महादेवराव. शाळा समितीत माह्या विरोधात हाय तो. त्याचाच डाव असन हा. तुम्ही खुलाशात तसं लिवा, की हेतुपुरस्सर केलं. म्या सही करतो. तुमचं काम होऊन जाईन."

परवा ज्यानं पाठीत सुरा घातला तोच आज मलमपट्टी करतोय, हे मला कळतं. दुधखुळी नाही मी. पण सही हवी आहे.

बुधवार, १७ सप्टेंबर

वर्गात विचारलं. सरळ. "हर्षल, उभा राहा. अर्ज तू केलास?"

"कोणता अर्ज, मॅडम?"

"नाटकं नकोत. माझ्याविरुद्धचा."

त्याचं तोंड पडलं. म्हणाला, "म्या नाई केला मॅडम. केला असता तं सांगतलं असतं. तुम्हीच शिकवलं ना, आधी त्या माणसाले सांगाचं म्हणून."

मलाच शिकवतो! मी म्हटलं, बस खाली, दिवाळीच्या यादीतून तुझं नाव गेलं समज. तेवढ्यात मागून अडतीस नंबरनं हात वर केला. हिला आत्ता मुलाखतीचा नंबर हवा होता! म्हटलं, "हात खाली. आज कोणाचं काही ऐकायचं नाही मला." तिनं हात खाली घेतला नाही लवकर. घंटा होईपर्यंत अर्धा वर, अर्धा खाली.

हर्षल रडला नाही. रडला असता तर बरं वाटलं असतं.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

खुलासा दिला. स्वतः मोताळ्याला पंचायत समितीत जाऊन. लिहिलं -

'सदर तक्रार विद्यार्थी हर्षल याने वडिलांच्या सांगण्यावरून हेतुपुरस्सर केली आहे. तक्रारीपूर्वी कोणत्याही विद्यार्थ्याने मला तोंडी अथवा लेखी कळविलेले नाही. कळविले असते, तर मी निश्चित सुधारणा केली असती.'

शेवटचं वाक्य लिहिताना खरंच वाटत होतं. एकानं तरी यावं आणि म्हणावं, मॅडम, आमचा तास बुडतो. मी ऐकलं नसतं का? राक्षस आहे का मी? सरळ वर जायचं, हे कुठलं शिक्षण? मी तर असं शिकवलं नव्हतं!

रामराव सरांची सही खाली आहे. पोच घेतली. आवक नंबरासकट.

बुधवार, २४ सप्टेंबर

दुकानाचा मॅनेजर मुलाखतींना आला. हर्षलच्या जागी दुसरा पोरगा बसवला. बाकीची बरी बोलली. वर्गातल्या आणखी कोणाला बसायचं असेल तर बसा, असं तोच आपण होऊन म्हणाला. अडतीस नंबर पुढे आली. "तुझ्याबद्दल सांग" म्हटल्यावर नाव सांगितलं, आणि पुढे शब्दच नाही. ओढणीचं टोक पिळत राहिली. मॅनेजर चांगला माणूस, पाणी दिलं. ती "सराव नाई झाला सर" एवढंच म्हणाली आणि उठली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मला राग आला. चारचौघांत माझंच नाक कापलं.

गुरुवार, २५ सप्टेंबर

वाचले!!

दुपारी फोन. खुलासा मान्य. 'तक्रार हेतुपुरस्सर दिसते.' मला नुसती समज, मुदतवाढीची शिफारस जाणार. महादेवरावांना शाळेत बोलावून ऐकवलं म्हणे रामराव सरांनी, तुमच्या पोराला आवरा. स्टाफरूममध्ये मला पेढा दिला. अभिप्राय लिहिणारा तोच हात. खाल्ला मी.

हर्षल आज शाळेत नव्हता. बाप मारतो की काय कोण जाणे. मारत असला तर - नाही, त्याचा विचार मी कशाला करू? त्यानं माझ्या लेकीचा विचार केला होता का?

आशाबाईंना साखर नेऊन दिली. त्या म्हणाल्या, "पाह्य, देव असते!"

शुक्रवार, २६ सप्टेंबर

तपासणीला कंपनीचा माणूस येणार, म्हणून सगळ्यांच्या कामाच्या फायली जमा केल्या. साडेपाचच्या बसला वेळ होता. रिकाम्या वर्गात बसून एकेक पान नीट वाचलं. शेवटची फाइल, हजेरी क्रमांक ३८. पुष्पांजली शालिग्राम. प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये जपून ठेवलेला एक कागद.

'दि. २० ऑगस्ट. प्रति, माननीय संजीवनी मॅडम. विषय - आठवा तास होण्याबाबत.

१) आठवा तास होत नाही. २) सराव हजेरीप्रमाणे आहे, म्हणून शेवटच्या मुलींचा नंबर येत नाही. ३) मला दिवाळीच्या प्रशिक्षणाला जायचे आहे, पण अनोळखी माणसासमोर माझे तोंड उघडत नाही. ४) तुमची मुलगी लहान आहे व बस सवाचारला आहे, हे आम्हाला माहीत आहे.

अपेक्षित कार्यवाही - आमचा खेळाचा तास जेवणाच्या सुट्टीनंतर असतो. तो आठवा करावा व तुमचा तास तिथे घ्यावा. म्हणजे आमचा सराव होईल व तुमची बसही चुकणार नाही.'

खाली लाल पेन. घाटात हललेलं अक्षर, पण माझंच.

'खूप छान! मुद्देसूद. सात दिवसांत उत्तर आले नाही, तर न घाबरता वर पाठव.'